मण्यांची बाजू

आजीच्या तागडीच्या डाव्या पारड्याला काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक पितळेचं बटण आणि तीन मणी लोंबत असायचे. बटण कुठल्याशा जुन्या कोटाचं, मणी काचेचे. तागडीला नजर लागू नये म्हणून ते बांधलंय, असं माझं पक्कं मत होतं. दारावर लिंबू-मिरची असते, बाळाच्या मनगटाला काळे मणी असतात, तसंच हे.

आठवीत असताना दिवाळीच्या साफसफाईत पितळेची भांडी घासायचं काम माझ्याकडे आलं. चिंच-मीठ लावून मी तागडीची पारडी लख्ख केली आणि तो मळकट दोरा कापून केराच्या सुपलीत टाकला. रात्री चकलीच्या भाजणीचे तांदूळ तोलायला आजीने तागडी खुंटीवरून काढली. काही ठेवण्याआधी ती नेहमी तागडी रिकामीच वर धरून बघायची, तशी धरली. उजवं पारडं खाली गेलं. आजी ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "पासंग कुठाय गं?"

तोवर "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढ्यापुरताच हा शब्द मला ठाऊक होता. पासंग हातात धरता येतो, त्याला बटण आणि मणी असतात, हे त्या रात्री कंदील घेऊन केरात शोधताना कळलं. बटण आणि दोन मणी सापडले, तिसरा गेला तो गेलाच. आजीने माझ्या फ्रॉकचा एक मणी तोडून घेतला, तो किंचित हलका पडला म्हणून वर मेणाचा ठिपका लावला, आणि दांडी आडवी झाल्यावर भाजणीला बसली. अर्ध्या किलोचं वजन तिने मण्यांच्या पारड्यात ठेवलं, तांदूळ दुसऱ्या. ती नेहमी तसंच करायची. का, ते मी विचारलं नाही.

त्याचं उत्तर मला यंदा मिळालं, चाळीसेक वर्षांनी, पुण्याच्या रविवार पेठेत.

*

झालं असं, की स्वयंपाकघरातला माझा इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला. काचेचा, बशीएवढा, पाच किलोपर्यंतचा. एकाच वाटीचं वजन सकाळी ११२ आणि दुपारी ११९ दाखवायला लागला. सेल बदलून पाहिला, फरक नाही. ज्या दुकानातून घेतला होता तिथे म्हणाले, हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या. मला हे उत्तर आवडत नाही. म्हणून तो काटा आणि माळ्यावरची आजीची तागडी अशी दोन्ही पिशवीत घालून मी बोहरी आळीच्या बाजूने शिरले. पत्र्याचे डबे, चाळण्या, कुलपं, दोर, सुतळ्या आणि हातगाड्यांतून वाट काढत काटे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे पोचले.

दुकान जेमतेम दोन माणसांचं. भिंतीला दांड्या टांगलेल्या, खाली बिडाच्या षट्कोनी वजनांची उतरंड, एका खणात मखमलीच्या पेटीतली पितळेची बारीक वजनं. कोपऱ्यात दोन लोखंडी काउंटर काटे, म्हणजे वाण्याच्या फळीवर असायचे ते, ज्यांची पारडी दांडीच्या खाली न लोंबता वर बसवलेली असतात. ही रचना रोबेर्व्हाल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची, १६६९ची. तिची खुबी अशी की पारड्यात वस्तू मधोमध ठेवा किंवा कडेला, वजन तेच भरतं. आपल्याकडे अशा लोखंडी काट्यांचा मोठा धंदा सौराष्ट्रातल्या सावरकुंडल्यात आहे. मिस्त्रींच्या कोपऱ्यातला एक काटा तिथलाच होता.

"घरगुती काटा घेऊन कोणी येत नाही हो ताई," मिस्त्री म्हणाले. "येतात ते व्यापारी. तेही शिक्का संपत आला की."

शिक्का म्हणजे वजनमापे खात्याचा. खात्याचं आजचं नाव वैधमापन शास्त्र विभाग, पण पेठेत अजून वजनमापेच म्हणतात. बिडाच्या वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन बरोबर केलेलं असतं, आणि त्या शिशावर निरीक्षक छाप मारतो. वजनं, साधी तागडी आणि काउंटर काटा यांची फेरपडताळणी दर २४ महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो, मिस्त्रींचा चौकटीत घालून गणपतीशेजारी टांगलेला होता. हा सगळा जाच विकणाऱ्याला. घरात स्वतःपुरतं तोलणाऱ्याला कायदा काही विचारत नाही.

दिवाळीच्या दिवसांत मात्र एक गोष्ट विसरली जाते. ज्या घरातून चिवडा-चकल्या किलोवर विकल्या जातात, ते घर तेवढ्यापुरतं दुकान असतं. मग ओट्यावरचा तो गोंडस काटा चालत नाही. बहुतेक काट्यांच्या पाठीवर "व्यापारासाठी नाही" अशा अर्थाची बारीक ओळ असतेच, फक्त काटा उलटा करून कोणी वाचत नाही. माझ्या ओळखीच्या दोघीजणी वर्षानुवर्षं फराळ विकतात. मी हे सांगितल्यावर एक म्हणाली, "अगं, मी वर चार चकल्या जास्तच घालते." तिच्या चकल्या खाल्लेल्या असल्याने मी यावर वाद घातला नाही. पण चार चकल्या म्हणजे पडताळणी नव्हे.

*

मिस्त्रींनी आधी काचेचा काटा उघडला. घरोघरी ओट्यावर असलेल्या या वस्तूच्या पोटात काय असतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. पट्टी किंवा आडवी कांडी असते, तिला लोड सेल म्हणतात. काही काट्यांत एकच, काहींत चार पायांत चार. त्या धातूवर नागमोडी तारेच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वर वजन ठेवलं की धातू वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. त्याबरोबर तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून आकडा येतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटा खरं तर वजन मोजत नाही, स्वतःचं वाकणं मोजतो. वजन काढून घेतलं की पट्टी पुन्हा होती तशी झाली पाहिजे. तिने एकदा बाक धरला की संपलं.

"यावर काय ठेवता?" मिस्त्रींनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. मग आठवलं. ओट्यावर जागा नाही म्हणून काटा कपाटात, आणि काट्यावर मिक्सरची भांडी. एकात एक घातलेली तीन, वर झाकणं. वर्षभर, चोवीस तास.

"म्हणजे त्याला झोपूच दिलं नाही," ते म्हणाले.

हा एवढा एक नियम पाळला तरी निम्मे काटे वाचतील असं त्यांचं म्हणणं. काटा कपाटात उभा ठेवा, पुस्तकासारखा, म्हणजे त्यावर काही ठेवायची सोयच राहत नाही. पाच किलोच्या काट्यावर कलिंगड ठेवून "बघू तरी" करायचं नाही. उचलताना वरच्या काचेला धरून उचलायचं नाही, खालून धरायचं. शेगडीच्या शेजारी ठेवायचा नाही, कारण धातू उष्णतेनेही फुगतो आणि काट्याला ते वजनच वाटतं. पीठ सांडलं तर ओलं फडकं फिरवून ते फटीत ढकलायचं नाही, कोरड्या ब्रशने बाहेर काढायचं. माझ्या काट्याच्या एका पायाशी बेसनाचा वाळलेला लगदा निघाला. त्याने पट्टी अडत होती, म्हणूनच सकाळ-दुपारचा फरक. दिवाळी मागच्या वर्षीची, लगदा बहुधा शेवेचा. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवायचा. तो फुटून पाझरला तर हिरवा गंज आत चढतो आणि मग मिस्त्रीही हात टेकतात.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडून कळेपर्यंत मी काट्याचा दोष समजत होते. पिठात मीठ घालताना चिमूट चिमूट घालत गेलं की आकडा हलतच नाही, आणि मग एकदम चव खारट. हा बिघाड नाही. रिकाम्या काट्यावर धुळीचा कण पडला, वाऱ्याने आकडा सरकला, तर काटा गुपचूप स्वतःला पुन्हा शून्यावर आणतो. तशी त्याला शिकवणच असते. पण वाटी ठेवून शून्य केलं आणि मग थेंब थेंब, चिमूट चिमूट घातलं, तर तो तुमचं मीठही धूळ समजून गिळतो. उपाय सोपा. मीठ वेगळ्या वाटीत घ्यायचं आणि वाटी एकदम ठेवायची. किंवा घालून झाल्यावर भांडं उचलून परत ठेवायचं.

काटा साफ करून, पाय पुसून त्यांनी ओळीने चार वेळा तेच वजन चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिलं. दोन ग्रॅमचा फरक राहिला. "घरी चालेल," म्हणाले, आणि पन्नास रुपये घेतले. नव्या काट्याची किंमत मी सांगत नाही.

*

मग मी तागडी काढली.

मिस्त्रींनी ती हातात घेताच खुर्ची पुढे ओढली. दांडी फूटभर लांब, मधोमध वर जाणारा काटा, पारडी बोटभर खोल. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते पारड्यांकडे नाही, दांडीच्या मध्यावर, जिथे ती टांगलेली असते तिथे. तिथे पोलादाची एक त्रिकोणी कांडी असते, तिची धार खाली टेकलेली. दोन्ही टोकांना, पारडी अडकतात तिथेही तशीच कांडी, फक्त धार वर. तागडीचा सगळा जीव या तीन धारांत. त्यांनी नखाने धारेवरून काहीतरी काळं, चिकट खरवडलं आणि हुंगलं.

"खोबरेल. दसऱ्याचं."

खरं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कोयता, शिवणाचं मशीन आणि तागडी पाटावर मांडली जायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि विळीला तेल लावलं की उरलेलं बोट तागडीच्या दांडीला. आमच्याच घरी नव्हे, मिस्त्रींच्या मते सगळ्याच घरी. लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून हेच. तेल लावल्याने यंत्र मऊ चालतं हा आपला समज, आणि तो शिवणाच्या मशीनपुरता बरोबर. तागडीच्या धारेला मात्र तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. धूळ, पीठ आणि तेल यांचं खळीसारखं होतं, धार त्यात रुतते, आणि दांडी आळशी होते. पाच-सात ग्रॅम पडेपर्यंत हलत नाही. त्यांनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने तिन्ही धारा पुसल्या, मग कोरड्या चिंधीने पुन्हा. "पूजा करा, पण फुलाने. धार कोरडी पाहिजे."

आणि चिंच-मिठाचं काय? मी कबुली दिली. ते हसले. दर दिवाळीला पितळ घासलं की दर दिवाळीला थोडं पितळ जातं. दोन्ही पारडी सारखी घासली तर गोष्ट वेगळी, पण पोरं पहिलं पारडं उत्साहाने घासतात आणि दुसरं उरकतात. पासंग त्यासाठीही लागतो.

इथे थोडं विषयांतर. जगात ज्या वजनाची सर्वांत काटेकोर निगा राखली गेली, त्याचीही कथा यापेक्षा फार वेगळी नाही. पॅरिसजवळच्या सेव्र इथे १८८९पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या घंटांखाली ठेवलेला होता. किलोग्रॅम म्हणजे काय, तर तो. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी दिल्या. भारताची ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. मूळ दंडगोल क्वचितच बाहेर काढायचे, ईथर आणि अल्कोहोल लावलेल्या मऊ कातड्याने पुसायचे, वाफेने धुवायचे. एवढं करूनही शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. कोण वाढलं आणि कोण घटलं हे सांगता येईना, कारण किलोग्रॅम म्हणजेच तो. त्याला पासंग कोण लावणार? शेवटी २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या दंडगोलावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर टाकली. चिंच-मीठ तिथेही बाधलंच म्हणायचं.

*

धारा पुसून झाल्यावर मिस्त्रींनी तागडी रिकामी धरली. मण्यांसकट दांडी सरळ राहिली. आजीचं मेण चाळीस वर्षांनीही जागेवर होतं. मला वाटलं, झालं काम.

"थांबा. रिकाम्या तागडीवर विश्वास ठेवायचा नाही."

त्यांनी अर्ध्या किलोचं शिक्क्याचं वजन मण्यांच्या पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात पिशवीत तांदूळ ओतत दांडी सरळ केली. मग बाजू बदलल्या. तांदळाची पिशवी मण्यांकडे, वजन दुसरीकडे. दांडी कलली. पिशवीवर पाच-पाच ग्रॅमची दोन पितळी वजनं ठेवली तेव्हा कुठे सरळ झाली.

हिशेब त्यांनी तोंडीच केला. बाजू बदलल्यावर दहा ग्रॅमचा फरक म्हणजे खरं वजन त्याच्या मध्यावर. आजीचा अर्धा किलो ४९५ ग्रॅमचा होता.

मग त्यांनी दांडीवर पट्टी ठेवली. मधल्या धारेपासून मण्यांकडची बाजू दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर तोकडी होती. पंधरा सेंटिमीटरला दीड मिलिमीटर, म्हणजे शेकडा एक. तेवढीच खोट. पासंगाने रिकामी तागडी सरळ दिसते, पण बाहूंची लांबी काही सारखी होत नाही. जसजसं वजन वाढतं तसतशी खोटही वाढते. किलोला दहा, पाच किलोला पन्नास. काटा मारणाऱ्यांची जुनी युक्ती हीच. तोकडी दांडी करायची, पासंगाने ती झाकायची, आणि गिऱ्हाइकाला रिकामी तागडी दाखवून म्हणायचं, बघा, सरळ आहे. पासंग प्रामाणिक माणसाचा आणि लबाडाचा, दोघांचा सारखाच दिसतो.

मला जरा वाईट वाटलं. माझ्या आजीची तागडी खोटी! मिस्त्रींना ते दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "वजन नेहमी कुठल्या पारड्यात ठेवायच्या?"

"मण्यांच्या. कायम."

"मग त्यांना ठाऊक होतं."

ठाऊक होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण विचार करता करता मी लक्ष्मी रोडपर्यंत आले, आणि तिथे कळलं की ठाऊक असल्याने काहीच फरक पडत नव्हता. चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ, एक भाग उडदाची डाळ. सगळंच शेकडा एक कमी भरलं तर भाजणीचं प्रमाण जसंच्या तसं राहतं. चकलीला फक्त प्रमाण कळतं, किलोग्रॅम कळत नाही. शेजारणीला उसने दिलेले तांदूळ त्याच तागडीने जायचे आणि त्याच तागडीने परत यायचे. मणी नेहमी त्याच हातात, वजन नेहमी त्याच पारड्यात. खोट होती, पण रोज तीच होती. तिने एखादे दिवशी बाजू बदलली असती, तर मात्र तांदूळ शेकडा एकने कमी आणि डाळ शेकडा एकने जास्त, असं झालं असतं. मी दोरा कापला तेव्हा नुसता तोल गेला नव्हता. कुठली बाजू वजनाची, ही खूणही गेली होती.

दुकानाच्या काट्याने खरं बोललं पाहिजे. घरच्या काट्याने रोज तेच बोललं तरी पुष्कळ झालं. माझा काचेचा काटा सकाळी ११२ आणि दुपारी ११९ म्हणत होता, तो आजीच्या तागडीपेक्षा कितीतरी जास्त खोटा होता. कंपनीने त्यावर एका ग्रॅमची अचूकता छापली असली तरी.

*

ज्यांना घरचा काटा किती खोटं बोलतो हे पाहायचंय त्यांनी शिक्क्याची वजनं आणायला धावायची गरज नाही. घरात ओळखीची वजनं असतातच. २०११च्या मालिकेतलं पाच रुपयांचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं. दहा नाणी एकदम ठेवली की ६० आलं पाहिजे. २०१९च्या मालिकेतलं पाचाचं नाणं ६.७४ ग्रॅमचं आहे, म्हणून नाण्यावरचं साल वाचून घ्या, सरमिसळ करू नका. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ५०० भरत नाही, दूध पाण्यापेक्षा जड असल्याने ५१५च्या आसपास आणि वर पिशवीचे चार-पाच ग्रॅम. आमच्या शेजारचे काका या पंधरा ग्रॅमवरून दूधवाल्याला चांगला म्हणत असत. उलट लिटरभर तेल किलोभर कधीच नसतं, ९१०च्या आसपास. तेल गरम केलं की फुगतं, म्हणून काही कंपन्या तापमान ६० अंश छापून लिटर भरून दाखवत. २०२२च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तेलाच्या पाकिटावर तापमान छापू नका, वजन बरोबर भरा, असं बजावलं. ही असली लबाडी घरच्या काट्यावर अर्ध्या मिनिटात उघडी पडते.

तागडी असेल तर बाजू बदलून बघायची, मिस्त्रींनी केलं तसं. आणि खोटी तागडी असूनही खरं वजन हवं असेल तर एक जुनी युक्ती आहे. वस्तू एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वाळू किंवा तांदूळ घालून दांडी सरळ करायची. मग वस्तू काढून तिच्याच जागी वजनं ठेवत जायची, दांडी पुन्हा सरळ होईपर्यंत. दोन्ही वेळा तोच बाहू, तीच खोट, त्यामुळे ती आपोआप कटते.

परदेशातून आलेल्या काट्यांबद्दल एक गंमत. माझ्या मावसबहिणीने लंडनहून एक देखणा काटा आणला. तो तिथे जुळवलेला असेल तर मुंबईत किलोमागे अडीच ग्रॅम कमी दाखवणार, कारण विषुववृत्ताकडे येताना पृथ्वीची ओढ तेवढी कमी होते. स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा ओढ मोजतो. तागडी दोन ओढींची तुलना करते, तिला लंडन आणि लालबाग सारखंच.

रद्दीवाल्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. स्प्रिंगचा आकड्याचा काटा मराठी मध्यमवर्गाने घरी आणला तो मुख्यतः त्याच्यासाठीच. आधी आपण घरी तोलायचं, मग त्याला बोलवायचं, मग त्याच्या तागडीकडे टक लावून बघायचं. पण हा काटा खिळ्याला लावून त्यालाच पिशव्या अडकवून ठेवायची जी खोड आहे, तिने स्प्रिंग कायमची लांबते आणि मग तो रिकामाही शंभर-दीडशे ग्रॅम दाखवतो. त्याच्या डोक्यावरचा शून्याचा स्क्रू फिरवला की ते तेवढ्यापुरतं झाकलं जातं. म्हणजे पुन्हा पासंगच. रद्दीवाला हे जाणून असतो.

*

मात्र "रोज तेच बोललं तरी पुरे" हे सगळ्याच घरांना लागू नाही, हेही लिहायला हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाला झोळीत घालून टांगत्या काट्यावर तोलत. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं संशोधन १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे देशभर आशाताईंच्या पिशवीत जो काटा आला त्यामागे हे काम आहे. तिथे अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण किती उतरलं यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून झोळी टांगून आधी शून्य, मग बाळ, दुपटं बाजूला, हात काढून, बाळ स्थिर होईपर्यंत थांबून, डोळ्याच्या रेषेत वाचायचं. तिथे काटा एकसारखाही हवा आणि खराही. माझ्या आजीचा शेकडा एक अडीच किलोला पंचवीस ग्रॅम होतो.

आणि सोन्यालाही ते लागू नाही. आजी 'तोळा' म्हणायची तो ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. आज पेढीवर तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. पावशेराचंही तसंच. तिचा पावशेर ऐंशी तोळ्यांच्या शेराचा, म्हणजे २३३ ग्रॅमचा, आणि मी भाजीवाल्याकडे पावशेर मिरच्या मागते त्या २५०. दशमान वजनं १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली, १९६२मध्ये जुनी बंद झाली. शब्द मात्र नवं वजन पोटात घालून तसेच वापरात राहिले. जुनं सोनं मोडायला जाताना आईच्या वहीतले तोळे तसेच धरून गेलेल्या बायका पेढीवर फसवणूक झाली म्हणून भांडतात. उलटच झालेलं असतं, वहीतल्या दहा तोळ्यांचे पेढीवर साडेअकराहून जास्त निघतात. पण काट्याला खोटं म्हणायची सवय झालेली असते.

*

घरी आल्यावर मी तागडी पुन्हा खुंटीला लावली, ओलीपासून लांब, दांडी एका हुकाला आणि पारडी सोडवून भिंतीला टेकून, म्हणजे धारांवर सतत भार राहत नाही. तोकडी दांडी दुरुस्त करून देऊ का असं मिस्त्रींनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. भाजणीचं प्रमाण माझ्या वहीत आजीच्या हाताने लिहिलेलं आहे.

दुरुस्त झालेला काचेचा काटा ओट्यावर होता. पासंग एकदा तोलून बघावा असं मनात आलं. दोरा सैल होताच, मी तो सोडला आणि काट्यावर आधी एक मणी ठेवला. शून्य. दुसरा, थोडा थांबून. शून्य. फ्रॉकचा मणी, मेणासकट. तरी शून्यच. शेवटी बटण ठेवलं तेव्हा आकडा दोनवर गेला.

मग लक्षात आलं. सगळं उचललं, मुठीत घेतलं आणि एकदम ठेवलं.

तीन.